मैदान आपलं, पण रस्ता कुणाचा?

(माजी विद्यार्थी मेळावा, रविवार, २८ डिसेंबर २०२५. सकाळच्या सत्रातील भाषण.)



वकिलाच्या हातात माईक दिला की वेळ पाळली जात नाही, असं आयोजकांनी मघाशी हसत हसत सांगितलं. मी दहा मिनिटांतच संपवते. जेवणानंतर साडेतीनला आपली सभा आहे आणि तिच्या विषयपत्रिकेवर शाळेच्या मैदानाचा विषय आहे. माझं बोलणं त्याबद्दलच आहे.

मी १९९६ च्या दहावीच्या तुकडीतली. शहाबाज गावातली. आमची शेतं सिडकोने घेतली आणि बाबा तुर्भ्याच्या एमआयडीसीत पाळीवर जायला लागले. तुमच्यातले निम्मे सिडकोच्या बिल्डिंगांतले आणि निम्मे आमच्यासारखे गावठाणातले. पहिलीत आपण वेगवेगळ्या बाकांवर बसायचो. चौथीपर्यंत एकमेकांच्या डब्यातलं खायला लागलो. ते काम वर्गाने केलं नाही, मैदानाने केलं. गावातली पोरं भातकापणी झाली की शेतात टेनिस बॉलने खेळायची. त्यांच्याकडे हात होते आणि बिल्डिंगवाल्यांकडे बॅट होती. टीम करायची तर दोन्ही लागायचं.

त्या काळात आपल्या शहराचं नाव काय होतं, आठवून बघा. दादर-गिरगावचे नातेवाईक ‘न्यू बॉम्बे’ म्हणायचे आणि पुढे विचारायचे, ‘रात्री बाहेर पडता का हो तुम्ही?’ लोकल वाशीपर्यंत आली १९९२ साली, मग बेलापूरला आली. त्याआधी खाडीपलीकडे म्हणजे जंगल, असाच समज होता. पारसिकच्या डोंगराकडे संध्याकाळनंतर कुणी जात नसे, दोन सेक्टरच्या मधले रस्ते अंधारात असत. चोऱ्या-घरफोड्या होत होत्याच, पण अफवा त्यांच्या दहापट होत्या.

नववीत असताना चड्डी-बनियन टोळीची अशीच एक अफवा आली. गावात तरुण पोरं काठ्या घेऊन रात्री गस्त घालायला लागली. मी तेव्हा शाळेच्या खो-खो संघात होते. सराव संध्याकाळी सातपर्यंत चालायचा. बाबांनी एका रात्रीत सांगून टाकलं, उद्यापासून शाळा सुटली की सरळ घरी. पीटीच्या बाई घरी आल्या. त्या आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना आठवत असेल, आई चहा ठेवायला उठली आणि बाबा ओटीवर बसूनच म्हणाले, ‘बाई, शालेचं मैदान चांगलं हाय. पन तिथून घरापरत रस्ता कुनाचा?’

बाईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. त्या वर्षी आपला संघ जिल्ह्यापर्यंत गेला, मी गेले नाही. टोळी कधी आलीच नाही. कुणी मला हात लावला नाही, आमच्या घरातून काही चोरीला गेलं नाही. तरीही माझं जे गेलं, त्याची फिर्याद कुठल्याच ठाण्यात घेत नाहीत.

आता गेली वीस वर्षं मी बेलापूरच्या कोर्टात फौजदारी खटले चालवते. पेपरात ‘नवी मुंबईत गुन्हेगारी वाढली’ असं आलं की लोक मला विचारतात, ताई, खरं काय? म्हणून जरा नीट सांगते. गुन्हे होतात. २०१७ च्या नोव्हेंबरात जुईनगरला चोरट्यांनी शेजारच्या गाळ्यातून बोगदा खणून बँकेचे लॉकर फोडले, ते देशभर गाजलं. माझ्या नाशिकच्या मावशीने फोन करून विचारलं होतं, ‘तुमच्याकडे जमिनीखालून येतात म्हणे!’ ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नाव कसं तयार होतं, तेही बघा. १९९४ पासून आपल्याकडे पोलीस आयुक्तालय आहे. त्याची हद्द आपल्या महापालिकेपेक्षा खूप मोठी. पनवेल, उरण, कळंबोली, तळोजा, सगळं त्यात येतं. तो भाग रायगड जिल्ह्यातला, पनवेलला तर २०१६ पासून स्वतःची महापालिका आहे. पण उरणच्या पलीकडे काही घडलं तरी बातमी ‘नवी मुंबईत’ अशीच छापून येते. आणि आयुक्तालय आहे आपल्या सीबीडीत. आरोपींना पकडल्यावर पत्रकार परिषद तिथे, बुरखा घातलेल्यांचे फोटो तिथले. बेलापूरचं नाव गुन्ह्याच्या बातमीत येतं, ते पुष्कळदा गुन्हा इथे झाला म्हणून नव्हे, तर तपास इथून जाहीर झाला म्हणून.

याच शहराचं दुसरंही एक नाव आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली आपण देशात तिसरे आलो, २०२३ लाही तिसरे. आणि दोन स्टेशनं पलीकडे, नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २००८ च्या मार्चमध्ये ते सुरू झालं आणि १ जूनला तिथे पहिल्या आयपीएलची फायनल झाली. त्या दिवसापासून माझ्या मावशीने ‘बाहेर पडता का’ विचारणं बंद केलं आणि ‘पास मिळतील का’ विचारायला सुरुवात केली. म्हणजे स्टेडियमने शहराचं नाव बदलतं, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही.

गेल्या २ नोव्हेंबरला मी माझ्या लेकीला घेऊन तिथेच होते. त्याआधी तीन दिवस त्याच मैदानावर जेमिमाने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं होतं. फायनलला भारताने २९८ केले आणि दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. मध्यरात्र उलटून गेली होती. आम्ही नेरुळ स्टेशनकडे चालत निघालो. रस्ताभर बायका, मुली, आज्या, कडेवरची पोरं. कुणी ओढणीचा झेंडा केलेला. माझी लेक चौदा वर्षांची. ती पुढे पळत होती आणि मी तिला ‘थांब’ म्हटलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, रात्री साडेबारा वाजता मी माझ्या मुलीला नवी मुंबईच्या रस्त्यावर मोकळं सोडलंय आणि मला भीती वाटत नाहीये. बाबांचा प्रश्न आठवला. त्या रात्री तो रस्ता आमचा होता, कारण त्यावर आम्ही होतो. पोलीस होते, दिवे होते, पण मुख्य म्हणजे माणसं होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक म्हणाली, ‘मला खेळायला जायचंय.’ आणि मी विचारलं, ‘कुठे?’ उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

हीच गोष्ट शहराच्या पातळीवरही झाली आहे. घणसोलीत २००३ साली शासकीय क्रीडा संकुलासाठी वीस एकर जागा ठेवली होती. वर्षं गेली, संकुल झालं नाही. २०१६ नंतर ती जागा घरबांधणीकडे वळली आणि २०२१ मध्ये ठरलं की संकुल माणगाव तालुक्यात, नाणोरेला करायचं. शंभरहून अधिक किलोमीटर लांब! घणसोलीच्या पोराने खेळायला माणगावला जायचं! वास्तुरचनाकारांच्या संघटनेचं नवी मुंबई केंद्र कोर्टात गेलं. २०२४ च्या जुलैत उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. बार रूममध्ये मी पेढे वाटले होते. पण निकाल लागला म्हणजे मैदान झालं असं नाही. नवं मोठं स्टेडियम हवं की नको, यावर आपण तावातावाने बोलतो. ते हवंच, पण तिथे आपण बहुतेक जण बघायला जाणार. खेळायला जायची जागा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ लागते.

आता साडेतीनच्या सभेबद्दल. प्रस्ताव असा आहे की आपण जमवलेल्या निधीतून मैदानाला उंच भिंत घालायची, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी बांधायची आणि अर्ध्या भागावर जाळी लावून टर्फ करायचं, जे तासावर भाड्याने देता येईल. प्रस्ताव मांडणारा आपलाच मित्र आहे आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. सकाळी मैदानात बाटल्या सापडतात. मागच्या वर्षी पंप चोरीला गेला. उद्या काही झालं तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. शिवाय भाड्यातून देखभालीचा खर्च निघेल. हे चारही मुद्दे मला मान्य आहेत.

पण मित्रा, मी इतकंच विचारते की संध्याकाळी त्या टर्फचं भाडं भरून कोण खेळेल? ऑफिस सुटलेली, गाडीतून आलेली मंडळी. त्यांनीही खेळावं. पण शहाबाज, आग्रोळी, दिवाळेची पोरं जाळीबाहेर उभी राहतील. जाळीबाहेर उभ्या राहिलेल्या पोराबद्दल शहर काय बोलतं, ते मला माहीत आहे. मी रोज त्याच पोरांचे जामीन अर्ज लिहिते. त्यांतले सगळे निर्दोष असतात असं मी म्हणणार नाही. पण विचारलं, संध्याकाळी काय करतोस, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: ‘नाक्यावर असतो.’ आणि मुली? त्या नाक्यावरही नसतात. त्या घरात असतात, जशी मी होते.

बाटल्या सापडतात, कारण सातनंतर मैदान रिकामं असतं. भिंत बांधली तर बाटल्या भिंतीमागे पडतील आणि बघायला कुणी नसेल.

म्हणून माझा पर्यायी प्रस्ताव आहे, तो लेखी दिला आहे. एक, गॅलरीचे पैसे दिव्यांवर खर्च करू. मैदानात चार खांब, आणि फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेवर दिवे बसवण्यासाठी महापालिकेकडे अर्ज. त्याचा पाठपुरावा मी करते, ते माझं रोजचं काम आहे. दोन, रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मैदान फुकट उघडं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहिला तास फक्त मुलींचा. तीन, त्या दोन तासांत माजी विद्यार्थ्यांपैकी दोन मोठी माणसं हजर. आपण इथे दोनशेच्या वर आहोत. महिन्यातून एक संध्याकाळ प्रत्येकाला जड नाही. चार, एक वर्ष हे करून बघू. नाही जमलं तर पुढच्या मेळाव्यात टर्फच्या बाजूने मी स्वतः हात वर करीन.

यंदा जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी तो जिंकला आणि त्यांची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मॅटवरचा तो वेगवान खेळ टीव्हीवर बघताना मला सारखं वाटत होतं, हिच्या घरच्यांना रस्त्याबद्दल कुणीतरी उत्तर दिलं असणार. बाई, तुम्ही त्या दिवशी आमच्या ओटीवरून उठताना म्हणाला होतात, ‘मी स्वतः घरी सोडायला येईन.’ बाबांनी ऐकलं नाही. पण उत्तर तेच होतं, बाई. एकट्या तुमच्याकडून होणारं नव्हतं, इतकंच.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. त्यात वार लिहिले आहेत आणि पुढे दोन-दोन नावांची जागा आहे. पहिल्या सोमवारी माझं नाव आहे. शेजारची जागा रिकामी आहे.