अभ्यासाची फळी



शाळेची वेळ झाली की आपल्या सास्तूर गावातल्या कितीतरी घरांतून एकच हाक ऐकू येते : "माझी वही कुठंय?" पोरगं खाटेखाली डोकावतं, आई चुलीपुढून ओरडते, बाप गाडी सुरू करून दारात उभा. वही सापडते टीव्हीमागं. मग आपण म्हणतो, पोराचं ध्यान नाही. माझ्या मते त्या वहीला घरात ठिकाणाच नाही. जुन्या घरांत तो होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आपली दगडमातीची घरं माळवदासकट बसली. त्या भिंतींनी माणसं गाडली, तेव्हा त्यांचं कौतुक मला करायचं नाही. पण त्यांत देवळ्या होत्या. दिवा, पोथी, पाटी, ज्याची त्याची जागा ठरलेली. पुनर्वसनात जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. अडीचशे फुटांत सहा माणसं, स्वयंपाक आणि धान्याची पोती. तिथं 'मुलाला वेगळी खोली द्या' म्हणणं म्हणजे चेष्टाच. एक फळी मात्र बसते. पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, खाली दप्तराला खुंटी. तिच्यावर मसाल्याचे डबे, गोळ्यांची पाकिटं, चार्जर काही ठेवायचं नाही. हा नियम मोडतात ती मोठी माणसं, पोरं नव्हे.

दप्तर रात्रीच भरावं, वेळापत्रक बघून, आणि पोरानंच. आईनं भरलं तर सवय आईला लागते. सुरुवातीला एखादी वही घरी राहील, शाळेत बोलणी बसतील. बसू द्यावीत.

अवघड आहे ती अभ्यासाची वेळ. सोयाबीनची काढणी आणि सहामाही परीक्षा मागंपुढंच येतात. दमून आलेल्या माणसाला टीव्ही लावू नका म्हणायला जीव धजत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ते धाडस केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद राहू लागले. त्यांचं बघून आपल्या शेजारच्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं सहा ते आठ ही वेळ धरली. आपल्याकडं भोंगा येईपर्यंत थांबायची गरज नाही. जेवणाआधीचा एक तास घरातल्या घरात ठरवता येतो. आडवी येते ती आजीची मालिका! तेव्हा आजीलाच पोराजवळ बसवावं, पाढे म्हणून घ्यायला.

अक्षर न येणाऱ्या आईनंही एवढं विचारावं : "आज काय शिकवलं, मला सांग बरं." सांगताना पोरगं जिथं अडखळतं, तिथं धडा कच्चा. पुस्तक उघडून तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावावा आणि दोन दिवसांनी परत विचारावं. नुसतं 'वाच, वाच' म्हणण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

आणि तो मोबाईल. हल्ली गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, म्हणून फोन पोराच्या हातात जातो आणि तिथंच राहतो. गृहपाठ आधी वहीत उतरवून घ्यावा, फोन बापाच्या खिशात परत जावा.

आता राहिली ती फळी. तिच्यासाठी नवं लाकूड आणायला नको. जुन्या दाराचा तुकडा आणि दोन लोखंडी कोन पुरतात. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तेवढी टाळा.