म्हातारी आई आणि तिचें ऋण
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)

राजेरजवाड्यांचीं चरित्रें सांगणारे पुष्कळ आहेत. आज मी खानदेशांतील एका शेतकरणीचें चरित्र सांगणार आहें. त्यांचें नांव बहिणाबाई चौधरी. जळगांवजवळच्या आसोदे गांवीं महाजनांच्या घरीं १८८० सालीं त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं लग्न होऊन त्या जळगांवच्या चौधऱ्यांच्या वाड्यांत आल्या, आणि ३ डिसेंबर १९५१ रोजीं, वयाचीं एकाहत्तर वर्षें पुरीं करून, त्यांनीं देह ठेवला.

एवढ्या वर्षांत त्यांनीं काय केलें? तुमच्या आमच्या आयांनीं जें केलें तेंच. जातें ओढलें, चूल पेटविली, शेतांत घाम गाळला. ऐन तिशींत नवरा गेला. पदरीं दोन मुलगे व एक मुलगी. प्लेगनें एका मुलाला कायमचें अधूपण दिलें. तरी बाईंनीं घर मोडूं दिलें नाहीं. देवावर त्यांची भक्ति होती. पण ती भक्ति राबत्या हातांची होती. दळतां दळतां आणि शेतांत काम करतां करतां त्या गाणीं रचीत. पेरणी, मळणी, माहेरची वाट, सुगरण पक्ष्याचा खोपा, माणसाचें चंचल मन, सारें त्यांच्या गाण्यांत आलें, आणि तें घरच्या लेवा बोलींत आलें.

आतां मुख्य गोष्ट ऐका. या बाईंना अक्षरओळख नव्हती! जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा १८४८ सालीं काढली. सावित्रीबाईंनीं अंगावर शेणमाती झेलून मुलींना शिकविलें. पण त्यानंतर बत्तीस वर्षांनीं जन्मलेल्या या शेतकऱ्याच्या लेकीपर्यंत पाटी पोंचली नाहीं. यांत तिच्या बुद्धीचा दोष होता काय? शूद्राला आणि बाईला विद्या कशाला, असें म्हणणारांनीं जात्याजवळ बसून बहिणाबाईंची एक ओवी ऐकावयाची होती, म्हणजे बुद्धि कोणाच्या घरीं नांदते तें त्यांना कळलें असतें.

मग तीं गाणीं वांचलीं कशीं? मुलगा सोपानदेव शिकला व स्वतः कवि झाला. त्यानें व एका भाऊबंदानें आईच्या तोंडचे शब्द कागदावर उतरून घेतले. बाई गेल्यावर तीं गाणीं आचार्य अत्र्यांनीं पाहिलीं, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ सालीं पुस्तक निघालें. पुढें २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचें नांव दिलें गेलें. ज्यांना शाळेची पायरी चढावयास मिळाली नाहीं, त्यांच्या नांवाच्या विद्यापीठाची पदवी आज शेतकऱ्यांचीं मुलें-मुली घेतात!

पण तो कागद नसता तर? आपल्या किती घरांतून अशा आया मुक्यानेंच गेल्या याचा हिशेब कोणीं ठेवला? कोणती माती भट्टींत टिकेल हें कुंभाराच्या आजीला ठाऊक. सुताला खळ किती दाट लावावी हें कोष्ट्याच्या आजीला ठाऊक. कडधान्याचें बी राखेंत घोळवून कसें राखावें हें कुणब्याच्या आजीला ठाऊक. ती गेली कीं तें ज्ञान तिच्याबरोबर मातींत जातें.

आणि आपण काय करतों? ती जिवंत असतां तिच्या चष्म्याला पैसा नसतो; ती मेली कीं तेराव्याच्या पंगतीसाठीं कर्ज काढतों. जिला जन्मांत ताटावर बसून गरम भाकरी मिळाली नाहीं, तिच्या नांवानें गांवाला लाडू वाढतों आणि पुरोहिताच्या हातीं दक्षिणा ठेवतों. यांत तिला काय मिळालें? सावकाराला मात्र कूळ मिळालें.

जिनें जन्मभर रान कसलें तिचें नांव सातबाऱ्यावर शोधून पाहा. १९९२ सालीं महाराष्ट्रांत लक्ष्मीमुक्ति योजनेनें नवऱ्याच्या हयातींतच बायकोचें नांव जमिनीला लावण्याची सोय झाली. २००५ च्या कायद्यानें लेकीला वडिलोपार्जित मिळकतींत लेकाइतका वांटा दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें सरकारी कागदांत आधीं आईचें नांव, मग बापाचें, असा नियम झाला. कायदा पुढें गेला, आपलीं घरें मागें राहिलीं. बहिणीला साडीचोळी करून हक्कसोडीच्या कागदावर सही घेणारे भाऊ परके नाहींत, आपल्यांतलेच आहेत.

म्हणून बंधुभगिनींनो, घरांत शिकलेलें पोर असेल त्यानें म्हातारीजवळ बसावें आणि तिचें बोलणें तिच्याच बोलींत लिहून घ्यावें; तें ‘शुद्ध’ करण्याच्या भरीस पडूं नये. तेराव्यासाठीं कर्ज काढूं नका. तो पैसा तिच्या हयातींत तिच्या औषधपाण्याला आणि नातीच्या शिक्षणाला लावा. चावडीवर जाऊन घरच्या बाईचें नांव जमिनीला लावा. मेल्यावर तिला देवी म्हणणें फार सोपें आहे, त्याला कांहीं खर्च येत नाहीं. जिवंतपणीं तिचा शब्द ऐका आणि तिचा वांटा तिला द्या. तिचें ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग नाहीं.