मसाईंचे मणी

दक्षिण केनिया आणि उत्तर टांझानियाच्या माळरानांवर गुरे राखणाऱ्या मसाई समाजात मणी ओवणे हे बायकांचे काम. मुली ते आईजवळ बसून शिकतात. दागिने मात्र पुरुषही हौसेने घालतात.

काचेचे मणी मूळचे इथले नव्हेत. पूर्वी बिया, शिंपले, हाडे आणि लोखंड-पितळेची तार यांवर भागत असे. एकोणिसाव्या शतकात व्हेनिस आणि बोहेमियातल्या भट्ट्यांचे रंगीत मणी व्यापाऱ्यांमार्फत किनाऱ्यावरून आत आले. आजही बरेचसे चेक प्रजासत्ताकातून येतात. माल परका, पण कोणता मणी कुणाच्या गळ्यात शोभतो, हे मसाई बायकांनीच ठरवले.

या कामातली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे मुलींच्या गळ्यातली रुंद, सपाट चकती. बारीक मणी तारेत ओवून एका वर्तुळाबाहेर दुसरे, दुसऱ्याबाहेर तिसरे अशी ती वाढत जाते. वर्तुळे एकमेकांवर चढू नयेत म्हणून मध्ये भोके पाडलेल्या चामड्याच्या आडव्या पट्ट्या घालतात. हल्ली त्या जागी प्लॅस्टिकच्या डब्याचे कापलेले तुकडेही चालतात. नाचताना मुली खांदे उडवतात आणि चकत्या छातीवर लयीत हिंदकळतात. काचेच्या कपाटात ठेवलेल्या चकतीवरून त्या डौलाची कल्पना येत नाही.

लाल रंग रक्ताचा आणि शौर्याचा, पांढरा दुधाचा, निळा आभाळाचा, हिरवा कुरणाचा, असे सांगतात. ते खरे असले तरी अपुरे आहे. कोणत्या रंगाशेजारी कोणता येतो, हा क्रम अधिक बोलका. किसोंगो, पुरको, मातापातो अशा मसाईंच्या शाखांची रंगसंगती वेगवेगळी असते आणि जाणत्या नजरेला माणूस कुठला ते त्यावरून कळते.

लग्न झाले की बाईच्या कानांत मणी जडवलेल्या चामड्याच्या लांब पट्ट्या आणि पितळी तारेची वेटोळी येतात. तरुण योद्ध्याला, म्हणजे मोरानला, आई आणि मैत्रिणी दागिने करून देतात. एउनोतो या संस्कारात आई त्याचे लांब केस उतरवते आणि तो प्रौढत्वाकडे वळतो. हा आणि आणखी दोन संस्कार युनेस्कोने 2018 साली तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतले.

पर्यटकांसाठी केलेल्या कामाची तऱ्हा वेगळी. केनियाच्या झेंड्याच्या रंगांची मनगटपट्टी घालणाऱ्याचे वय, लग्न, शाखा यांतले काहीच सांगत नाही. पण दुष्काळात गुरे मरतात, तेव्हा तिच्या विक्रीतून आलेला पैसा ओवणाऱ्या बाईच्या हाती असतो.