पाण्याची वही
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसतं 'पाणी' छापलंय. आयुष्यभर बँकेत व्हाउचरं तपासणाऱ्या माणसाला पाण्यातलं काय कळणार, असं काहींना वाटेल. रास्तच आहे. पण तपासणी म्हणजे काय, ते मला थोडंफार कळतं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही आपली चार धरणं. मिळून सुमारे २९ टीएमसी. पावसाळा आला की किती टक्के भरलं ते आपण रोज पेपरात बघतो. पाणी कसं आहे, ते मात्र कुणी विचारत नाही. १९७४ च्या कायद्यापासून प्रदूषण नियंत्रण मंडळं नद्या-तलावांचे नमुने घेतात. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, तो किती खाल्ला ते मोजतात. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला, तर ते पाणी आंघोळीलाही योग्य नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित निघाले. त्यातले ५५ आपल्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त! धरणाखालची मुठा आणि शहर ओलांडलेली मुठा यांत काय फरक आहे, ते पुलावरून जाताना नाकाला कळतंच.

पण नदीला नावं ठेवण्याआधी मला आपल्या टाकीचं सांगायचं आहे.

२००९ साली मी सोसायटीचा खजिनदार होतो. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला तडा गेलाय, हे प्लंबरने मला जूनमध्ये बॅटरी मारून दाखवलं. कोटेशन अडतीस हजारांचं. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज जातं, म्हणून मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. कमिटीसमोर विषय नेलासुद्धा नाही. ऑगस्टमध्ये शेजारचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि टाकीतली पातळी खाली गेली की ती घाण तड्यातून आत झिरपू लागली. गणपतीनंतर अकरा घरांत कावीळ. त्यात बी विंगमधल्या एक सूनबाई सात महिन्यांच्या गरोदर. काविळीचा ई प्रकार गरोदरपणात जिवावर बेतू शकतो, हे डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. त्या रात्री मी व्याजाचा हिशेब पुन्हा करून पाहिला. आठशे काहीतरी रुपये होते.

त्या बऱ्या झाल्या. मघाशी ज्याने इतका सुंदर तबला वाजवला, तोच तो मुलगा. मिनिट्स बुकात फक्त 'टाकी दुरुस्ती मंजूर' एवढंच आहे. तडा मला आधीच माहीत होता, हे आज प्रथमच चारचौघांत सांगतोय.

त्यानंतर ही वही सुरू केली. दर सोमवारी सकाळी गच्चीच्या टाकीखालच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं आणि ओटीचे थेंब टाकायचे. ग्रामपंचायतीचे कर्मचारी करतात तीच चाचणी. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, ते पिण्याचं नाही. महिन्यातून एकदा जंतूंची बाटली. पाणी भरून ठेवायचं, दिवस-दीड दिवसात काळं झालं तर धोका. आणि हो, तरुण मंडळी टीडीएसचा मीटर बुडवून 'काका, दोनशे आहे, एकदम मस्त' म्हणतात, त्यांना सांगतो : तो मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. काविळीचं पाणीसुद्धा त्यावर पास होतं.

वहीत आजवर नऊ वेळा लाल शेरा पडलाय. पाच वेळा टँकरचं पाणी होतं, तीनदा टीसीएल पावडर जुनी होऊन तिचा जोर गेला होता. एकदा कारण सापडलंच नाही. तो शेरा मी अजून बंद केलेला नाही.

आता अडचण एवढीच आहे की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही फिकट पिवळं आणि पांढरं यातला फरक मला नीट कळत नाही. गेले दोन महिने मी वॉचमनला विचारून लिहितोय, आणि हे काही ऑडिटला चालणारं नाही. वही ही चौथी आहे, गेटच्या केबिनमध्ये डाव्या कप्प्यात असते. सोमवारी सात वाजता कोण येणार, ते जेवणाआधी मला सांगा. तबलजींना मी विचारलंय, त्यांची शाळा सातलाच असते.