रोहित्राची वंशावळ



२०२२ च्या मार्चमध्ये भोसरीच्या अतिउच्चदाब उपकेंद्रातील एक रोहित्र बिघडले आणि आपल्या भागातील कारखाने थंडावले. बिघाड तांत्रिक होता. कोणाच्या लबाडीशी त्याचा संबंध आम्ही जोडीत नाही. परंतु एका यंत्रावर किती जणांची रोजी अवलंबून असते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. मग अशा यंत्राच्या पोटात काय आहे, हे आपण विचारू नये काय?

रोहित्राचा गाभा खास सिलिकॉन-पोलादाच्या पातळ पत्र्यांचा असतो. भंगारातले जुने पत्रे कापून नवे म्हणून बसविले, तर रंगविलेल्या टाकीवरून ते ओळखू येत नाही. वीज मात्र वाया जाते, यंत्र तापते. नियंत्रण-उपकरणांत तर आता संगणकही असतो. म्हणूनच केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २ जुलै २०२० रोजी आयात वीजसामग्रीत घातक संगणकप्रणाली दडली नाही ना, याची तपासणी सक्तीची केली.

या प्रवासाच्या नोंदी ठेवायच्या कोणी? पूर्वी गावचे दप्तर एका कुलकर्ण्याच्या हाती असे. त्याने पान बदलले, तर दाद मागणे कठीण. 'ब्लॉकचेन' नावाच्या वहीची प्रत पत्रेवाला, रोहित्र बांधणारा, प्रयोगशाळा आणि वीजकंपनी, सर्वांपाशी असते. प्रत्येक नोंदीचा गणिती ठसा पुढल्या नोंदीत उतरतो. मागचा एक आकडा बदलला, की पुढचे ठसे जुळत नाहीत आणि खाडाखोड उघडी पडते. ठशांच्या साखळीची ही कल्पना हेबर आणि स्टॉर्नेटा या शास्त्रज्ञांनी १९९१ साली मांडली.

मात्र ही वही खोट्याचे खरे करीत नाही. पहिलीच नोंद खोटी असेल, तर ते खोटे अक्षय होईल! क्रमांकाची पट्टी काढून दुसऱ्या यंत्रावरही ठोकता येते. म्हणून रोहित्र कसोटीला लावणाऱ्या माणसाची सचोटी हवीच. त्याची सही त्याला पुढे नाकारता येणार नाही, एवढे ही वही करील.

आणखी एक गोष्ट. कमी दराच्या निविदेपुढे चोख काम करणारा लहान कारखानदार हरतो, कारण त्याच्या चोखपणाला साक्षीदार नसतो. ही वही त्याची साक्षीदार होऊ शकेल. पण ती ठेवण्याचा खर्चच त्याला पेलला नाही, तर तीच त्याला दाराबाहेर ठेवील. म्हणून लहान कारखानदारांनी ती एकत्र येऊन, सामाईक खर्चाने चालवावी, एवढीच आमची भोसरीकरांना विनंती आहे.