बाणकोटची किंमत
(वसंत व्याख्यानमालेत रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की रत्नागिरीकरांना थिबा राजा आठवतो. १८८५च्या जानेवारीत त्यानं फ्रान्सशी तह केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रज मंडालेत शिरले तेव्हा फ्रान्स मदतीला आला नाही, आणि ब्रह्मदेशच्या राजानं आयुष्याची उरलेली तीस वर्षं आपल्या गावात कैदेत काढली. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण त्याआधी सव्वाशे वर्षं याच किनाऱ्यावर आपणही एक दोस्ती केली होती. तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. त्या गर्दीत उभं राहून समोर पाहिलं की पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. होडीनं जवळ गेलात तर दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव दिसेल आणि आत शिरताच तटावरचा मारुती. एप्रिल १७५५मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या तोफांनी हा किल्ला पडला, आणि त्या तोफा नानासाहेब पेशव्यांच्या बाजूनं लढत होत्या.

हा किल्ला ज्याच्या ताब्यात होता, तो मराठ्यांचा आरमारी सरदार तुळाजी आंग्रे पुण्याला जुमानत नव्हता. बावड्याच्या अमात्यांना आणि विशाळगडच्या प्रतिनिधींनाही त्याचा त्रास होता. मी तुळाजीची वकिली करायला उभा नाही. घरातला सरदार डोईजड झाला तर त्याला आवरणं राज्यकर्त्याचं कामच आहे. पण नानासाहेबांनी मार्च १७५५मध्ये मुंबईकर इंग्रजांशी जो करार केला, त्यात समुद्रावरची मोहीम इंग्रजांच्या हुकमतीखाली दिली. जमिनीवर दोघांची संमती आणि पाण्यावर एकाचाच हुकूम! माझ्या मते चूक इथं झाली.

पुढच्या फेब्रुवारीत तुळाजीच्या विजयदुर्गावर अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह चालून आले. मुंबईहून निघण्याआधीच लुटीच्या वाटण्या त्यांनी आपसात ठरवल्या होत्या. त्यात मराठ्यांचं नाव नव्हतं. तुळाजी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत आला, तरी गोळाबारी थांबली नाही. त्याच्या आरमारात इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेलं ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज होतं. त्यावर गोळा पडला, ते पेटलं, आणि एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबा नि गलबतं त्या आगीत जळाली. कान्होजी आंग्र्यांनी ज्या आरमाराच्या जोरावर इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी यांना धाकात ठेवलं होतं, ते एका दुपारी संपलं. लुटीची सुमारे दहा लाखांची रक्कम इंग्रजांनी घेतली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेला.

लढाई संपली, पण इंग्रज किल्ला सोडीनात. पुण्याहून पत्रांवर पत्रं गेली. शेवटी ऑक्टोबर १७५६मध्ये पुण्याला तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला, पण त्याच्या बदल्यात बाणकोट आणि आसपासची गावं कायमची इंग्रजांची झाली. म्हणजे आपलाच किल्ला आपण आपलाच दुसरा किल्ला देऊन सोडवला. सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट हे महाडच्या वाटेचं दार. पश्चिम हिंदुस्थानच्या मुख्य भूमीवर इंग्रजांच्या मालकीची झालेली ही पहिली जागा. त्यांनी किल्ल्याला व्हिक्टोरिया नाव दिलं.

त्या तहातलं आणखी एक कलम मला फार बोचतं. मराठी मुलखात डचांना व्यापार करू द्यायचा नाही, असं पेशव्यांनी मान्य केलं. कोणाशी व्यापार करायचा, हे पुण्याला बाहेरच्यानं सांगायला इथं सुरुवात झाली. आणि वॉटसन-क्लाइव्ह? ते इथून मद्रासमार्गे बंगालला गेले. जून १७५७मध्ये प्लासी झाली.

पेशव्यांनी पुढं आरमार उभं केलं, हे सांगायलाच हवं. एप्रिल १७८३मध्ये आनंदराव धुळपांनी याच रत्नागिरीच्या समुद्रात ‘रेंजर’सह इंग्रजांची जहाजं पकडली. मराठी खलाशाची हिंमत गेली नव्हती. पण तोवर साष्टी गेली होती, आणि पुण्याच्या भांडणात मुंबईकरांना बोलावण्याची सवय राघोबादादांच्या अंगी मुरली होती.

ऑक्टोबर १८०२मध्ये होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा पराभव केला, तेव्हा दुसरे बाजीराव निसटले ते महाडला, आणि तिथून सुवर्णदुर्गावर. होय, त्याच सुवर्णदुर्गावर. पुढं इंग्रजांच्या जहाजातून ते वसईला उतरले. ३१ डिसेंबरला तिथं इंग्रजांशी केलेल्या तहावर सही झाली. सहा हजार इंग्रजी पायदळ, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. डचांच्या कलमापासून इथवर सेहेचाळीस वर्षं लागली. आणखी सोळा वर्षांनी हा सारा जिल्हा कंपनीचा झाला.

तुम्ही मंडळी सुट्टीत हर्णैला जाता, सुवर्णदुर्ग पाहून परतता. यंदा तसंच पुढं मंडणगड तालुक्यात बाणकोटला जा. मुलांना बरोबर न्या. तटावर चढून सावित्रीचं मुख त्यांना दाखवा, आणि हे आपण कशाच्या बदल्यात दिलं, ते त्यांना सांगा.