वादळात वीज गेली तर : वीजपेटीचा हिशेब

(शेतीविषयक नभोवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आपल्या किनाऱ्याला वादळ नवीन नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलं. माड, आंबे, फणस वीजवाहिन्यांवर आडवे झाले, खांब मोडले, तारा तुटल्या आणि कित्येक वाड्या पुढे काही दिवस अंधारात राहिल्या. वारा एका दिवसात ओसरतो, पण वीज यायला वेळ लागतो. आपली वस्ती विखुरलेली. एकेका वाडीची लाईन बागांमधून, डोंगरउतारावरून, व्हाळ ओलांडून जाते. एक झाड पडलं तरी पुढची दहा घरं अंधारात जातात.

म्हणून अलीकडे बरेच जण विचारतात की बाजारात ती उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी मिळते, ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ म्हणतात ती घ्यावी का? आज आपण तिची माहिती करून घेऊ. बोलायच्या सोयीसाठी तिला ‘वीजपेटी’ म्हणू.

पेटीत असतं काय?

एका पेटीत लिथियमची बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्ज करायची यंत्रणा अशा तीन गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. पुढच्या बाजूला घरातल्यासारखं २३० व्होल्टचं सॉकेट, मोबाईलसाठी यूएसबी आणि बहुतेक पेट्यांना १२ व्होल्टचंही तोंड असतं. ही पेटी तीन तऱ्हांनी भरता येते : घरच्या विजेवर, गाडीच्या बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर.

पेटीवर दोन आकडे छापलेले असतात. ते नीट वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. पहिला आकडा वॅट-तासांचा. टाकीत पाणी किती मावतं, तसा हा आकडा. १००० वॅट-तास म्हणजे आपल्या मीटरवरचं एक युनिट. दुसरा आकडा नुसत्या वॅटचा. टाकीचा नळ केवढा, तसा हा. टाकी कितीही मोठी असली तरी नळ बारीक असेल तर एका वेळी पाणी थोडंच येणार. त्याचप्रमाणे ५०० वॅटच्या पेटीवर ७५० वॅटचा मिक्सर चालणार नाही. पेटी आपोआप बंद होईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १००० वॅट-तासांची पेटी हाती साधारण ८५० वॅट-तासच देते. बाकीची वीज आतल्या यंत्रणेत जाते. शिवाय २३० व्होल्टचं बटण चालू राहिलं, तर काहीही लावलेलं नसताना पेटी तासाला १० वॅट-तासांच्या आसपास खाते. दिवसरात्र मिळून २४० झाले. म्हणजे पाव पेटी फुकट गेली. तेव्हा काम झालं की बटण बंद करा, आणि मोबाईल यूएसबीवरच लावा.

घरचा हिशेब

आता पाच माणसांचं घर धरू. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास : १८० वॅट-तास. बीएलडीसी जातीचा, ३० वॅटचा एक पंखा आठ तास : २४०. तीन मोबाईल : ४५. रेडिओ : २०. एकूण ४८५. बटण चालू असतानाचा पेटीचा स्वतःचा खर्च धरला तर १००० वॅट-तासांची पेटी दीड दिवसाच्या आसपास पुरेल.

याच घरात जुना, ७५ वॅटचा पंखा असेल तर तो एकटाच आठ तासांत ६०० वॅट-तास खाईल, आणि पेटी एका दिवसातच संपेल. म्हणून मोठी पेटी घेण्याआधी पंखा बदला. तो पैसा वर्षभर बिलातही वाचेल.

आता काटकसर करून पाहू. दोनच दिवे चार तास, दोन मोबाईल, पंखा चार तास आणि थोडा रेडिओ. हे होतात २३० च्या आसपास. तीच पेटी तीन दिवस काढील. वादळात पेटी कशी वापरायची हे त्या दिवशी अंधारात बसून ठरवू नका. आजच वहीच्या एका पानावर हा हिशेब लिहा आणि ते पान पेटीला चिकटवून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांनाही तो समजला पाहिजे.

काय चालणार नाही?

विहिरीवरचा पंप या पेटीवर चालवायला जाऊ नका. एक अश्वशक्तीच्या मोटरीला चालताना हजार वॅटच्या आसपास लागतात, आणि सुरू होताना त्याच्या तीन ते पाच पट ओढ असते. तेव्हा वादळाचा इशारा मिळताच टाकी, पिंपं, घागरी भरून घ्या. बावीवरचा राहाट मोडून टाकला असेल तर पुन्हा बसवा. दोरी आणि कळशीला वीज लागत नाही.

फ्रिज दिवसाला पाऊण ते एक युनिट खातो. म्हणजे अख्खी पेटी एका फ्रिजनेच संपवली. मासळी टिकवायला बर्फच घ्या. फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल तर दार वरचेवर उघडू नका, आणि पेटी सकाळ-संध्याकाळ तासतासभर फ्रिजला लावा. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजबाहेर किती दिवस चालतं, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

दम्याचं नेब्युलायझर पंधरा मिनिटं चालवायला ही पेटी उत्तम. पण घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर सावध राहा. पाच लिटरच्या यंत्राला साडेतीनशे वॅटच्या आसपास लागतात. ८५० वॅट-तासांत ते अडीच तासही चालणार नाही. अशा रुग्णाला इशारा मिळताच, रस्ते मोकळे असतानाच, दवाखान्याजवळ हलवा. पेटीच्या भरवशावर मागे ठेवू नका.

पॅनेल आणि आपला पाऊस

दुकानदार सांगतो, सोबत पॅनेल घ्या म्हणजे वीज संपायचीच नाही. हे मार्च-एप्रिलात खरं आहे. निरभ्र दिवशी १०० वॅटचं पॅनेल ४०० वॅट-तासांपर्यंत देतं. पण वादळ येतं ते ढग घेऊनच. दाटून आलेल्या दिवशी तेच पॅनेल ५० ते १०० वर येतं. म्हणून वादळासाठी पॅनेलवर विसंबू नका. इशारा ऐकला की घरच्या विजेवर पेटी पूर्ण भरून ठेवा.

मात्र बागेतल्या मांगरात पॅनेल आणि पेटीची जोडी फार उपयोगी आहे. आंब्याच्या हंगामात राखणीला माणूस बागेतच राहतो आणि तिथे लाईन नसते. त्याला दोन दिवे, मोबाईल, रेडिओ आणि १२ व्होल्टचा छोटा पंखा एवढं दिलं, तर रोज सव्वादोनशे वॅट-तासांच्या आसपास लागतात. ५०० वॅट-तासांची पेटी आणि १०० वॅटचं पॅनेल त्याला पुरतं. बॅटरीवरचा फवारणी पंप एकदा भरायला सुमारे १०० वॅट-तास पुरतात. तोही दिवसाउजेडी भरून घ्यावा.

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे करा. मालवण १६ अंश अक्षांशावर आहे, म्हणून उतारही साधारण तेवढाच ठेवा. माडाच्या एका झावळीची सावली कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच कमी होते. तेव्हा जागा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीन वेळा पाहूनच पक्की करा. मिरग लागला की पॅनेल आणि पेटी घरी आणा.

छपरावर सोलर असलं तरी

२०२४ साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि अनेकांनी छपरावर सोलर बसवलं. पुष्कळांचा समज असा की आता लाईन गेली तरी घरात वीज राहील. तसं नाही. बॅटरी नसलेली, लाईनला जोडलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद होते. ही तिची चूक नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तिची रचनाच तशी केलेली असते.

आणि आता आजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही लोक दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करतात. एक टोक पेटीत किंवा जनरेटरमध्ये आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालतात, म्हणजे सगळ्या घराचे दिवे लागतात. बंधूंनो, हे कधीही करू नका. ती वीज मीटरमधून उलटी लाईनवर जाऊ शकते. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि २३० व्होल्टचे ११ हजार होऊ शकतात. लाईन बंद आहे असं समजून भर पावसात आपलीच तार जोडणारा वायरमन त्या धक्क्याने मरतो. तो आपल्यासाठीच वर चढलेला असतो. पेटीवर जे चालवायचं ते थेट पेटीच्याच सॉकेटला लावा. घराच्या वायरिंगला जोडायची असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

जनरेटर असेल तर तो पडवीत किंवा घरात चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. तो बाहेर, उघड्यावर तास-दोन तास चालवून पेटी भरून घ्या, आणि मग रात्र पेटीवर काढा.

निगा

खारा वारा हा पेटीचा वैरी. ती समुद्राकडच्या पडवीत ठेवू नका. माजघरात, स्टुलावर किंवा फळीवर, जमिनीपासून उंच ठेवा. चार्ज करताना तिच्यावर कपडे, गोधडी टाकू नका. तिला हवा लागते. बरेच दिवस वापर नसेल तर निम्मी भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पाहा. खाऱ्या पाण्यात भिजली, फुगली किंवा वास येऊ लागला तर चालू करून बघू नका आणि उघडूही नका. घरापासून दूर, मोकळ्यावर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला कळवा.

घ्यावी की नाही?

वीज तास-दोन तासच जात असेल आणि पेटी कुठे न्यायची नसेल, तर साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी स्वस्त पडते. मात्र तिला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि तीन ते पाच वर्षांत ती बदलावी लागते. नुसता उजेड आणि फोन एवढीच गरज असेल तर दोन चार्जिंगचे दिवे आणि एक पॉवर बँक पुरे. मांगर, होडी, घर अशी तिन्हीकडे वीज न्यायची असेल तर वीजपेटी घ्या. घेताना लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आणि प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे ना, हे पाहा. दुरुस्तीची सोय जवळ कुठे आहे तेही विचारा.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. आधी हिशेब लिहा, मग पेटी निवडा.
२. इशारा मिळताच पेटी, मोबाईल आणि पाणी भरून ठेवा.
३. पंप आणि ऑक्सिजनचं यंत्र पेटीच्या भरवशावर ठेवू नका.
४. दोन पिनांची वायर घरात असेल तर आजच कापून टाका.
५. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, गुराढोरांनाही जाऊ देऊ नका. १९१२ या क्रमांकावर कळवा.

वादळ आपल्या हातात नाही. पण वादळानंतरची पहिली रात्र कशी काढायची, हे आधी ठरवणं आपल्या हातात आहे.